देवळातली सतरंजी आणि एक सरळ प्रश्न

ताई, तुम्ही विचारलंय की सैन्यात आत्महत्या रोखायला अध्यात्माचं प्रशिक्षण देतात, अमेरिकेत तर सैनिकाची 'आध्यात्मिक तंदुरुस्ती' प्रश्नावली भरून मोजतात, तर याने खरंच कुणी वाचतं का? आणि तुमचा धाकटा भाऊ जवान आहे, देव मानत नाही, मग त्याच्यासाठी यात काय आहे?

मी २२ वर्षं पायदळाच्या पलटणींमध्ये धर्मशिक्षक होतो. जवान मला पंडितजी म्हणायचे. शेवटची ९ वर्षं मी हवालदार आणि नाईक मंडळींना आत्महत्या रोखण्याचे धडेही दिले. तेव्हा जे पाहिलं त्याच्या आधारावर सांगतो. माणूस वाचतो तो कुणीतरी त्याला वेळेवर, सरळ शब्दांत विचारलं म्हणून, आणि विचारल्यावर त्याला एकटं सोडलं नाही म्हणून. त्या विचारण्याला अध्यात्माने बळ मिळत असेल तर ते उपयोगाचं आहे. अध्यात्माने माणसाचं तोंड बंद होत असेल तर ते घातक आहे. मी दोन्ही पाहिलंय, आणि दुसऱ्या प्रकारात माझाही हात होता. ते पुढे सांगतो.

आधी आमची नेमणूक काय असते ते थोडक्यात. भारतीय सेनेत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, लडाखी जवानांसाठी बौद्ध भिक्खू असे धर्मशिक्षक असतात. भरती होतानाच नायब सुभेदारीचा हुद्दा मिळतो. प्रशिक्षण आपल्या पुण्यात, इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये. तिथे सगळ्या धर्मांचे शिक्षक एकत्र शिकतात. मिश्र पलटणीत एकाच छताखाली सर्वधर्म स्थळ असतं. रविवारी मंदिर परेड होते. सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, स्वतः कुठल्या धर्माचे आहेत याला महत्त्व नसतं, ते आपल्या जवानांच्या देवापुढे जवानांसोबत बसतात. ही रीत मला फार मोठी वाटते, कारण आठवड्यातून एकदा का होईना, सगळी पलटण हुद्दा विसरून एका सतरंजीवर येते.

आता अमेरिकेचं. २००९ मध्ये तिथल्या लष्कराने एक मोठा कार्यक्रम सुरू केला. इराक आणि अफगाणिस्तानातून परतणाऱ्या सैनिकांमध्ये आत्महत्या वाढत चालल्या होत्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या विचारांवर तो उभा होता. शरीर, भावना, समाज, कुटुंब आणि अध्यात्म अशी पाच अंगं धरली. प्रत्येक सैनिकाने १०५ प्रश्नांची प्रश्नावली भरायची. माझ्या जगण्याला टिकाऊ अर्थ आहे, मी अवघ्या मानवजातीशी जोडलेला आहे, अशा वाक्यांवर किती सहमत ते सांगायचं. काही सैनिकांना उत्तर आलं की या बाबतीत तुम्हाला अडचण येऊ शकते. त्यात देव न मानणारे, पण कामात चोख असे सैनिक होते. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. पुढे २०१४ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सैन्यातल्या अशा कार्यक्रमांच्या पुराव्यांवर बोट ठेवलं. इतक्या लोकांवर राबवता, पण फरक पडल्याचा भक्कम पुरावा कुठे आहे, असा एकूण सूर होता.

मला त्यातली खरी अडचण वेगळी वाटते. जो माणूस आतून कोसळलाय त्याला 'माझ्या जगण्याला अर्थ आहे' या वाक्यापुढे बसवलं तर तो एक तर खोटं लिहील, किंवा खरं लिहून 'तू यातही नापास' हा शिक्का घेऊन परत जाईल. दोन्हींत तो आणखी एकटा पडतो. मन मोजायला कागद चालेल, पण कागद वाचून झाल्यावर त्या माणसाच्या खांद्यावर हात कोण ठेवणार हे आधी ठरलेलं पाहिजे.

आमच्याकडेही चुका होतात. पंडितजींचं व्याख्यान लागतं, विषय 'आत्महत्या महापाप'. तीनशे जवान मांडी घालून ऐकतात. त्या तीनशेंत एखादा असा असतो की ज्याच्या डोक्यात महिनाभर तोच विचार घोळतोय. त्याने त्या तासात काय ऐकलं? आपल्या मनात आलेला विचारच पाप आहे, म्हणजे आपण पापी. आता तो हे कुणाला सांगणार? पंडितजींना तर नक्कीच नाही. एक दार होतं, तेही आम्ही आतून कडी लावून बंद केलं.

गीतेवर बोलायला सगळ्यांना आवडतं, म्हणून गीतेतलंच सांगतो. वर्गात मी पहिला अध्याय उघडायला लावायचो. अर्जुन स्वतःची अवस्था सांगतो: अंग गळून जातंय, तोंड कोरडं पडलंय, शरीर कापतंय, गांडीव हातातून निसटतंय, कातडी भाजल्यासारखी होतेय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. कुठलाही आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर, हे ऐकून कान टवकारेल. आणि या पूर्ण पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण किती बोलतात? एकदाच. पार्था, इथे जमलेले हे कौरव पहा, एवढंच. त्यानंतर अर्जुन मन मोकळं करतो आणि रथात बसून घेतो, तोवर कृष्ण मध्ये एक शब्द बोलत नाहीत.

आमची मंडळी मात्र थेट दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकावर उडी मारतात. दुबळेपणा सोड, ऊठ. व्याख्यानाला हा श्लोक फार शोभतो. पण पुढचं वाचायला हवं. त्या बोलण्याने अर्जुन उठला का? नाही. उलट 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसला. म्हणजे साक्षात भगवंतांनीही 'दुबळेपणा सोड' म्हणून पाहिलं आणि तेवढ्याने भागलं नाही. पुढे सतरा अध्याय समजावावं लागलं, त्याच्या प्रत्येक शंकेला उत्तर द्यावं लागलं. मग एखाद्या हवालदाराने रोल कॉलला 'मर्द बनो' म्हटल्याने खचलेला पोरगा उभा कसा राहील?

आता माझी चूक. नोकरीच्या सहाव्या वर्षी एक नाईक माझ्याकडे आला. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच राम वाटत नाही म्हणाला. मी त्याला रोज ११ माळा जप सांगितला. आठवडाभर तो रोज येऊन मान खाली घालून सांगायचा, पंडितजी, आज तीनच झाल्या, आज दोनच. मी म्हणायचो, मन लावून कर. अहो, ज्या आजारात मन लागत नाही हेच लक्षण असतं, त्या आजारात मी त्याला मन लावायचा गृहपाठ देत होतो, आणि तो रोज त्यात नापास होऊन बॅरेकवर परतत होता. दहाव्या दिवशी त्याच्या बडीने, म्हणजे जोडीदार जवानाने, आरएमओंना सांगितलं म्हणून तो इस्पितळात पोहोचला, औषधं सुरू झाली, दोन महिन्यांनी माणसात आला. त्या बडीने सांगितलं नसतं तर काय झालं असतं, हे आजही रात्री कधी कधी माझ्या डोक्यात येतं. तेव्हापासून माझा नियम आहे: झोप, भूक आणि कामातलं लक्ष ही तिन्ही दोन आठवडे बिघडलेली दिसली की आधी डॉक्टर, जप नंतर. नैराश्य हा आजार आहे. मलेरियाला आपण फक्त अंगारा लावत नाही.

डॉक्टरकडे जायला जवान का घाबरतो हेही कळून घ्या. आमची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या अक्षरांनी ठरते, त्यातला पहिला एस मनासाठी. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवताना कमांडिंग ऑफिसरला एएफएमएसएफ-१० नावाचा अहवाल भरून द्यावा लागतो. म्हणजे गोष्ट सीओपर्यंत जाते. कॅटेगरी लो झाली, म्हणजे श्रेणी खाली आली, तर बढती अडते, हत्यार मिळत नाही, बॅरेकमध्ये कुजबुज होते. त्यामुळे जवान पाठदुखी सांगतो, डोकेदुखी सांगतो, मनाचं सांगत नाही. अमेरिकन सैन्यात पाद्र्याला सांगितलेली गोष्ट पूर्ण गुप्त राहते, ती तो वरिष्ठांनाही सांगू शकत नाही. आमच्याकडे तसं पक्कं कवच नाही. म्हणून मी जवानाला आधीच स्पष्ट सांगायचो: तुझं घरचं, बायकोचं, पैशाचं माझ्यापाशी राहील, पण जीव धोक्यात आहे असं मला वाटलं तर मी डॉक्टरांना सांगणार, आणि तुला बरोबर घेऊन सांगणार. असं सांगितल्यावर कुणी उठून गेला असं मला एकदाही आठवत नाही.

आता सतरंजीची गोष्ट. सीमेजवळच्या एका ठाण्यावर संध्याकाळच्या आरतीनंतर एक शिपाई मागे थांबायला लागला. सतरंजी घडी करायचं काम खरं तर ड्यूटीवाल्या पोराचं, पण हा आपणहून करायचा. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही थांबला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तो सतरंजी घडी करतो, मग उलगडतो, परत घडी करतो. टोकाला टोक जुळत असतानाही. चौथ्या दिवशी त्याने माझ्यापुढे पाचशेची नोट धरली. गणपतीच्या वर्गणीत कमी पडले म्हणून मी मागे कधीतरी त्याच्या वाटचे भरले होते. मी विसरलोही होतो. म्हणाला, पंडितजी, हिशेब राहायला नको.

'हिशेब राहायला नको' हे वाक्य मी इतर वेळी कौतुकाने ऐकलं असतं. त्या दिवशी मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं, त्याच्यासमोर खाली बसलो आणि विचारलं, जीव द्यायचा विचार मनात येतोय का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही. मग हो म्हणाला.

गावाकडे चुलत्यांनी बांध कोरला होता. तलाठ्याकडे खेपा घालून म्हातारे वडील थकले होते, बायको फोनवर म्हणायची की तुमचा युनिफॉर्म काय कामाचा. दर रात्री हेच. मी त्याला उपदेश केला नाही. सुभेदार मेजर साहेबांना तिथेच बोलावून घेतलं. आम्ही दोघं त्याच्याबरोबर चालत एमआय रूमपर्यंत, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यापर्यंत गेलो. त्याची रायफल कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात जमा झाली, नाव संत्री ड्यूटीतून काढून स्टोअरमध्ये लावलं, कारण सगळ्यांना सांगितलं 'पाठ धरलीय'. बडीला मात्र खरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सीओ साहेबांचं पत्र त्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना गेलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही. बांधाचा तंटा मिटायला दीड वर्ष लागलं. पण आपल्यामागे कुणीतरी आहे हे त्या पत्राने त्याला त्याच आठवड्यात कळलं. माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं आध्यात्मिक काम ते पत्र होतं.

रायफल बाजूला ठेवण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण लोकांना वाटतं ज्याला मरायचंय तो काहीही करून मरतो. तसं नसतं. टोकाची घटका बहुतेक वेळा थोडा काळच टिकते. ती टळली की माणूस मागे येऊ शकतो. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये नियम बदलला: आठवड्याच्या शेवटच्या सुट्टीला घरी जाताना शस्त्र तळावरच ठेवायचं. तरुण सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवसांत तो आकडा वाढून भरपाई झाली नाही. त्यांनी कुणाला प्रवचन दिलं नव्हतं. फक्त त्या घटकेत आणि हत्यारात अंतर पाडलं.

अमेरिकेतलंच एक चांगलं उदाहरणही आहे, त्यांच्या हवाई दलाचं. १९९६ पासून त्यांनी ११ कलमी कार्यक्रम चालवला. वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी वारंवार उघड सांगितलं की मदत मागणं कमजोरी नाही. चौकशीला सामोरं जाणाऱ्या माणसाला तपास अधिकारी थेट त्याच्या वरिष्ठाच्या ताब्यात देऊ लागले, एकटं बाहेर सोडलं जाईना. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्महत्येचा धोका ३३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. यात पाद्रीही होते, डॉक्टरही, कायद्याची माणसंही. मला यातली चौकशीची गोष्ट फार पटते. आमच्याकडेही चार्जवर मार्चअप झालेला, म्हणजे आरोपावरून सीओंपुढे उभा केलेला जवान सीओंच्या ऑफिसातून बाहेर पडतो तेव्हाचे पुढचे काही तास फार नाजूक असतात. त्या वेळी कंपनी हवालदार मेजरने त्याला 'चल, चहा घेऊ' म्हणणं हा माझ्या वर्गातला एक स्वतंत्र धडा असायचा.

वर्गाचं सांगतो. चाळीस नाईक-हवालदार. मी दोघादोघांना समोरासमोर बसवायचो आणि एकच काम द्यायचो: समोरच्याला विचारा, जीव द्यावासा वाटतो का. बॉम्बगोळ्यात न डगमगलेली माणसं इथे घामाघूम व्हायची. सगळ्यांच्या तोंडून बाहेर काय यायचं? 'कुछ गलत तो नहीं सोच रहा ना?' आता या प्रश्नाला 'नाही साब' याखेरीज दुसरं उत्तर आहे का? विचारणाऱ्याला नाही ऐकायचंय हे प्रश्नातच दिसतं. मग मी सरळ वाक्य प्रत्येकाकडून मोठ्याने दहा वेळा म्हणवून घ्यायचो, ज्याच्या त्याच्या बोलीत. मराठी पोरांकडून मराठीत. कुणीतरी हमखास विचारायचं, पंडितजी, असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरला तर? शिरत नाही. जगभरच्या अभ्यासांनी हे तपासलंय. ज्याच्या मनात नाही तो हसून सोडून देतो, ज्याच्या मनात आहे त्याचं ओझं हलकं होतं.

आकडा हवा असेल तर, जुलै २०२२ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ आत्महत्या झाल्या, त्यात सेनेतल्या ६४२. प्रत्येकामागे एक घर आहे, एक पलटण आहे, आणि 'मी का विचारलं नाही' म्हणत वर्षानुवर्षं जागणारा एक बडी आहे. अशा घटनेनंतर अंत्यसंस्कार करताना धर्मशिक्षकाच्या तोंडून दोषाचा एक शब्द जाता कामा नये. मेलेल्याला तो ऐकू जात नाही, पण रांगेत उभ्या असलेल्या, तोच विचार मनात असलेल्या जवानाला ऐकू जातो.

आता तुमच्या भावाविषयी. तो देव मानत नाही यात काळजीचं काही नाही. आमच्याकडे नाम, नमक, निशान म्हणतात. पलटणीचं नाव, खाल्लेलं मीठ आणि निशाण. यात देव कुठे आला? मराठा पलटणीत 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणताना नास्तिक पोराच्या अंगावरही काटा येतो. मी कुणासाठी आहे, माझ्यासाठी कोण आहे, मी नसलो तर कुणाचं काय अडेल, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्याच्यापाशी आहेत तो माझ्या लेखी आध्यात्मिकदृष्ट्या तंदुरुस्त आहे. माझा एक नास्तिक हवालदार होता, मंदिर परेडला शेवटच्या रांगेत बसायचा, हात जोडायचा नाही. पण पलटणीतल्या प्रत्येक नव्या पोराच्या आईचं नाव त्याला पाठ होतं. त्याच्या प्लाटूनची मला कधी काळजी वाटली नाही.

तुम्ही घरून बरंच काही करू शकता. पूर्वी घरचं भांडण पत्रातून यायचं, आठ-दहा दिवस जुनं होऊन. जवानाला कळेपर्यंत घरी सगळे पुन्हा एका ताटात जेवत असायचे. आता भांडण व्हिडिओ कॉलवर चालू असतं आणि तासाभराने त्याला भरल्या रायफलीनिशी संत्रीला उभं राहायचं असतं. म्हणून रात्रीच्या फोनवर जमीन, कर्ज, सासू-सून काढू नका. आधी विचारा, आज ड्यूटी कितीची आहे. अवघड विषय असेल तर त्याची विश्रांतीची सकाळ निवडा. लपवू नका मात्र. लपवलेलं गावातल्या दुसऱ्या कुणाकडून कळतं आणि मग जास्त लागतं. सुट्टी संपवून परतताना पहिले काही दिवस रोज बोला, तो काळ अवघड असतो.

तो अचानक फार शांत झाला, उसने पैसे फेडायला लागला, आवडीची वस्तू देऊन टाकली, 'माझ्यामागे आईला सांभाळा' असं म्हणाला, दारू वाढली, तर वाट पाहू नका. सरळ विचारा, जसं मी विचारलं तसं. हो म्हणाला तर फोन ठेवू नका, दुसऱ्या फोनवरून त्याच्या बडीला किंवा कंपनीच्या सीनियर जेसीओ साहेबांना (सुभेदार वगैरे हुद्द्याचे) कळवा. नोकरी जाईल या भीतीने गप्प राहू नका. कायद्याचीही भीती धरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलंय, त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यातल्या लोकांसाठी टेलिमानसचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. नौदलात कुणी असेल तर मुंबईत आणि गोव्यातही त्यांची मानसिक आरोग्य केंद्रं आहेत.

आणि त्याच्या बडीचं नाव, गाव आणि नंबर तुमच्याकडे लिहिलेला आहे का? नसेल तर आज रात्रीच्या फोनवर बाकी सगळं राहू द्या, तेवढं विचारून वहीत लिहून ठेवा.